दिएगो गार्सियाच्या लोकांना कुणी विचारलं?

संपादक महोदय,

हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाचं नाव आपल्या पेपरांत येतं ते फक्त बॉम्बर विमानं कुठून उडणार हे सांगताना. तिथे माणसं राहायची हे एका ओळीत पण नसतं, म्हणून हे पत्र.

चागोस बेटांतलं हे सगळ्यात मोठं बेट, नारळाच्या बागा, खोबरं वाळवायचं, तेल काढायचं, पिढ्यान्पिढ्या हेच काम. ब्रिटिशांनी मॉरिशसला १९६८ ला स्वातंत्र्य दिलं पण त्याआधीच १९६५ ला ही बेटं तोडून स्वतःकडे ठेवली, अमेरिकेला तळासाठी दिली आणि १९७३ पर्यंत दीड-दोन हजार लोकांना मॉरिशस नि सेशेल्सला नेऊन सोडलं. कागदावर काय, तर हे तिथले रहिवासी नाहीतच, कंत्राटी मजूर आहेत! १९७१ ला तर लोकांची पाळलेली कुत्री खोबरं वाळवायच्या शेडमध्ये कोंडली आणि गाड्यांचा धूर आत सोडून मारली. आपल्याकडे धरणग्रस्त, हे तळग्रस्त.

२००० ला या हुसकावलेल्या चागोसींचे नेते ऑलिव्हिए बँकू लंडनच्या हायकोर्टात परतीसाठीचा खटला जिंकले, तर २००४ ला सरकारने संसदेला न विचारता राणीच्या नावाने हुकूम काढून परतीची वाट पुन्हा बंद केली.

मग २२ मे २०२५ चा ब्रिटन-मॉरिशस करार. त्यात ठरलं ते असं: बेटं मॉरिशसची, दिएगो गार्सिया मात्र ९९ वर्षं लीजवर, वर्षाला सरासरी १०.१ कोटी पौंड, आणि बाकीच्या बेटांवर वस्ती चालेल पण या बेटावर नाही. दोन चागोसी बायकांनी कोर्टातून रात्री स्टे मिळवला तो दुपारपर्यंत उठला नि लगेच सह्या झाल्या. सगळे चागोसी विरोधात आहेत असंही नाही, बँकूंचा पाठिंबा आहे, इंग्लंडमधल्या बऱ्याच जणांचा नाही, पण मग नीट विचारायचं ना त्यांना! सुरक्षेसाठी त्यांना या बेटावर राहू देत नाही म्हणाल तर तळावर फिलिपिन्सचे कामगार राहतात की, त्यांची भीती वाटत नाही वाटतं.

भारत मॉरिशसच्या बाजूने, ते बरोबरच आहे, आपली मराठी माणसं पण आहेत तिथे. पण भाडं मॉरिशस सरकारच्या तिजोरीत जाणं म्हणजे त्या लोकांना न्याय मिळाला असं छापू नका प्लीज. आणि पुढच्या वेळी तळाचा नकाशा द्याल तेव्हा लगूनच्या (बेटाने वेढलेल्या समुद्राच्या पाण्याच्या) पूर्वेकडचं ईस्ट पॉइंट गाव पण दाखवा, तिथलं चर्च अजून उभं आहे.

एक वाचक, रत्नागिरी