टीव्हीचा आवाज आणि तुझे ते इयरबड्स

पिंके,

पोचल्याचा मेसेज टाकलास तेवढं बरं केलंस. रविवारी न जेवता रागानं गेलीस, तुझी आई अजून माझ्याशी धड बोलंना झालीय. पण टीव्हीचा आवाज केवढा, कान तपासून घ्या असं तू म्हणालीस ते डोक्यात बसलं म्हणून काल कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. त्यांनी टूं टूं आवाज ऐकवून ग्राफ काढला, बारीक, चिरक्या आवाजाच्या बाजूला रेघ पार खाली घसरलीय. फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करण्यात आयुष्य काढलं की असंच होतंय म्हणे. कानाला मशीन लावा म्हणाले, बघू.

टीव्ही मात्र नाद खुळा. लेकीच्या पगारातला म्हणून गल्लीत सगळ्यांना दाखवून झाला, तात्या तर रिमोट सोडंना. जुना पिक्चर लावला की सिरियलसारखा गुळगुळीत दिसायचा, तो मोशनचा ऑप्शन बंद केला मग जमलं. पिक्चर सेकंदाला 24 फ्रेमचा, मध्ये टीव्हीनं आपल्या मनानं फ्रेमा घालायचं काय कारण? आणि एवढ्या पातळ डब्यात स्पीकर खाली नायतर मागं तोंड करून बसवलेले, वर हल्लीचे हिरो पुटपुटतात. म्हणजे निम्मा दोष माझ्या कानाचा नाही, एवढं तरी मान.

पण तुझ्या कानांचं काय? बसमध्ये इयरबड्स, ऑफिसात इयरबड्स, झोपताना पण. नॉइज कॅन्सलेशन मला पटतं, बाहेरचा आवाज माइकनं पकडून त्याची उलटी लाट सोडायची, डोकं लावलंय त्यात. पण ते आवाज कमी ठेवता यावा म्हणून असतंय, तू ते चालू करून वर फुल्ल लावतेस. डब्ल्यूएचओ म्हणते 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास चालतंय, 90 ला गेलं की फक्त 4. कानातल्या त्या बारीक केसांच्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. आणि स्कुटीवर तर एका कानात पण नको.

झालं परत लेक्चर, सॉरी.

आण्णा सांगायचे, बाबूराव पेंटरांनी इथं कोल्हापुरातच कॅमेरा बनवला, 1920 ला सैरंध्री काढला तो मुका, मग 1932 ला प्रभात फिल्म कंपनीनं इथंच अयोध्येचा राजा बोलका केला आणि पुढच्याच वर्षी कंपनी उचलून पुण्याला नेली. कोल्हापुरात तयार झालेलं पुण्याला जायचं, हे तेव्हापासनंच चालू आहे. जाऊ दे, तिकडं तुझं चांगलं चाललंय, मला काय कळत नाही असं नाही.

लहानपणी विसर्जनाला तुला खांद्यावर घेऊन महाद्वार रोडला उभा राहायचो, साउंड सिस्टिम आली की तू दोन्ही हातांनी माझे कान दाबायचीस, स्वतःचे सोडून. तेव्हा तुला एवढं कळत होतं, आता कुठं गेलं? आवाज कमी ठेव गं बाई.

साउंडबार पाठवते म्हणालीस तो नको, आधीच फोनचा हप्ता चालू आहे तुझा. मशीनचं ठरलं की बघू. आईला तेवढा फोन कर, ती रागवली नाही म्हणते म्हणजे रागवलीय.

तुझे पप्पा

ता.क. फोनच्या सेटिंगमध्ये हेडफोनच्या आवाजाला लिमिट लावता येते. लाव आणि स्क्रीनशॉट पाठव, नुसतं हो हो म्हणू नकोस.