खुर्चीचं नंतर बघू, आधी पेन मागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबर आला की न्यूयॉर्कला यूएनची आमसभा भरते आणि आपल्याकडे सगळ्या पेपरात एकच लेख येतो, भारताला सुरक्षा परिषदेत कायमची जागा कधी मिळणार. परवाचा तुमचा अग्रलेख पण तोच. वाचला, पटला पण, एवढा मोठा देश बाहेर आणि १९४५ ला लढाई जिंकलेले पाचजण आत हे चूकच आहे. पण मी फौजेतून रिटायर झालेला माणूस, २००८-०९ ला आफ्रिकेतल्या कांगोत यूएनच्या शांतिसेनेच्या मिशनवर गोमा शहरात होतो, त्यामुळं मला या विषयात वेगळंच काहीतरी टोचतं, ते लिहितो, जागा असली तर छापा.

गोमा म्हणजे ज्वालामुखीच्या पायथ्याचं गाव. २००२ च्या उद्रेकातला लाव्हा रस्त्यावर तसाच पडलेला, काळा आणि धारदार, बुटांचे तळ बघता बघता झिजायचे. माणसं चुकुडू नावाची लाकडी गाडी ढकलत जायची, दोन चाकं, एक हँडल आणि वर कोळशाची पोती, आपल्याकडच्या हातगाडीवाल्यानं बघितली तर हात जोडेल. तिथं विस्थापितांच्या छावणीबाहेर एका बाईनं दुभाष्यामार्फत विचारलं, तुम्ही किती दिवस आहात? म्हटलं, अजून पाचेक महिने. ती म्हणाली तसं नाही, तुमच्यानंतर कुणी येणार का नाही हे ठरवतं कोण? आता हिला काय सांगणार, दिल्ली ठरवत नाही आणि कांगोची राजधानी किन्शासा पण एकटं ठरवत नाही. न्यूयॉर्क म्हणालो आणि पुढं गेलो.

नंतर घरी आल्यावर वाचत गेलो तेव्हा कळलं की न्यूयॉर्क म्हणजे सुरक्षा परिषदेतले पंधरा देश हे सुद्धा म्हणायलाच. एकेका विषयाचा ठराव लिहायचं काम एकेका देशाकडं असतं, त्याला तिथं पेनहोल्डर म्हणतात. कांगोचं पेन फ्रान्सकडं. बाकीची बरीचशी पेनं अमेरिका आणि ब्रिटनकडं. सैनिकांनी तिथं काय करायचं, गोळी कधी चालवायची, कुणाला वाचवायचं हे सगळं त्या कागदात येतं, आणि ज्याच्या हातात पेन त्याचे सैनिक त्या जंगलात जवळजवळ नसतातच. तिथं असतात भारत, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान यांचे. आपले आत्तापर्यंत पावणेदोनशेच्या आसपास जवान यूएनच्या निळ्या टोपीत शहीद झाले.

बरं यूएनच्या सनदेत, म्हणजे तिच्या घटनेत, सोय नाही असं पण नाही. कलम ४४ सरळ म्हणतं की परिषदेत नसलेल्या देशाचं सैन्य वापरायचं असेल तर आधी त्या देशाला निर्णयात बोलवा. पण शांतिसेना त्या कलमात तंतोतंत बसत नाही असं तांत्रिक कारण देतात, वकिली मुद्दा आहे, असेल बरोबर. मग २००१ ला परिषदेनंच १३५३ नंबरचा ठराव केला की सैन्य देणाऱ्या देशांशी बैठका घेऊ. बैठका होतात सुद्धा, पण कागद आधीच लिहून झाल्यावर बोलावलं तर ते मुलीचं लग्न ठरवून झाल्यावर तिला विचारण्यासारखं. २०१५ ला न्यूयॉर्कला शांतिसेनेच्या परिषदेत आपल्या पंतप्रधानांनी हीच तक्रार मांडली होती, की सैन्य देणाऱ्यांना निर्णयात स्थान नाही. दुसऱ्या दिवशी आपल्या चर्चा परत कायमच्या खुर्चीवर!

त्या खुर्चीचं गणित बघा. कलम १०८ प्रमाणं १९३ पैकी १२९ मतं पाहिजेत, मग तेवढ्याच देशांनी आपापल्या घरी मंजुरी द्यायची आणि त्यात पाचही बडे पाहिजेतच. म्हणजे ज्याच्या ताटातलं काढायचंय त्याचीच सही आणा. परिषदेची सदस्यसंख्या वाढली ती एकदाच, १९६३ ला ठराव झाला आणि १९६५ पासून ११ चे १५ झाले. मजा म्हणजे मतदानात फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया विरोधात होते, अमेरिका ब्रिटन तटस्थ, तरी दोन वर्षांत सगळ्यांनी मुकाट्यानं सह्या केल्या, कारण आशिया आफ्रिकेतले नवे देश एकजुटीनं उभे होते. २००५ ला ती एकी जमली नाही. कायमची जागा मागणारे भारत, जपान, जर्मनी, ब्राझील म्हणाले व्हेटो (ठराव एकट्यानं अडवायचा नकाराधिकार) पंधरा वर्षं वापरणार नाही, आफ्रिका म्हणाली व्हेटो पाहिजेच, आणि नव्या कायमच्या जागांना विरोध करणारा इटली पाकिस्तान वगैरेंचा कॉफी क्लब होताच, नाव कॉफीचं आणि धंदा दुसऱ्याचा चहा थंड करायचा. एकही मसुदा मतदानाला आलाच नाही. २००९ पासून वाटाघाटी चालू आहेत, दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलतात.

आणि सनदेला हात न लावता होणाऱ्या गोष्टी झालेल्या आहेत. २०२२ ला लिश्टेनस्टाइननं, आपल्या एखाद्या तालुक्यापेक्षा लहान देश, ठराव आणला की कुणी व्हेटो वापरला की दहा कामाच्या दिवसांत आमसभा बसणार आणि त्यावर चर्चा होणार. मंजूर झाला. मग आपण पेनाचा ठराव का आणू नये, की ज्याचं सैन्य त्याला मसुद्यात सहभाग. जोडीला पैशाचं पण मांडा. एका जवानामागं महिन्याला सरकारला मिळणारा दर २०१८ ला १,४२८ डॉलर ठरला, पुढं थोडा वाढला, पण बडे देश वर्गणी थकवतात म्हणून तो उशिरा येतो. २०२५ च्या ऑक्टोबरात तर यूएननं सांगून टाकलं की पैसे नाहीत, नऊ मिशनमधले साधारण चौथाई सैनिक परत पाठवणार. त्याच वर्षी महासचिवांनी यूएन८० नावाची सुधारणा काढली, त्यातला मोठा भाग काटकसर. गोमा तर त्याच जानेवारीत एम२३ नावाच्या बंडखोरांनी परत घेतलं होतं. ती बाई आता कुठं असेल कोण जाणे.

ता.क. अग्रलेखात अस्थायी सदस्य १५ छापलेत. एकूण १५, अस्थायी १०. दुरुस्ती टाकावी.

– एक निवृत्त सुभेदार, कोरेगाव, जि. सातारा