'अज्ञात शंभर ते दीडशे' : क्रीडामंत्र्यांना कोल्हापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम थंडीत सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. हंगाम तोंडावर आला की बैठक होते. पोलीस, आयोजक, संघ चालवणाऱ्या तालमींचे पदाधिकारी एकत्र बसतात, आचारसंहिता ठरते, 'हुल्लडबाजी खपवून घेणार नाही' असा मथळा छापून येतो. पहिला चुरशीचा सामना होईपर्यंतही हा शब्द टिकत नाही. शाहू स्टेडियमच्या बाहेर दगड उडतात, लाठ्या चालतात आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते : अज्ञात शंभर ते दीडशे जणांवर गुन्हा दाखल.

साहेब, हे पत्र त्या 'अज्ञात' या एका शब्दाबद्दल आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. फुटबॉल बंद करा, असं आमचं मुळीच म्हणणं नाही. सोळा संघांची वरिष्ठ लीग चालवणारं आणि पेठेतल्या सामन्यासाठी गॅलरी भरणारं दुसरं शहर राज्यात दाखवा. इथे कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. याच जिल्ह्याचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. इथली ईर्ष्या आम्हाला हवी आहे. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ समोरासमोर आल्यावर जो आवाज उठतो, त्यासाठीच लोक उन्हात दोन-दोन तास आधी येऊन बसतात. आम्हाला नको आहे ते सामन्याच्या आधीचं आणि नंतरचं.

दंगा शिट्टी वाजल्यावर सुरू होतो, असं वरच्या कार्यालयांत समजलं जातं. तो दोन दिवस आधी मोबाईलवर सुरू झालेला असतो. समोरच्या संघाला 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाहणारे स्टेटस, जुन्या पराभवाची रील, पेठेचं नाव घेऊन दिलेली शिवी. त्यात समर्थकांबरोबर खेळाडूही असतात. मग सामन्यात गोल होतो आणि गोल करणारा समोरच्या गॅलरीकडे धावत जाऊन हातवारे करतो. चिथावणीखोर हातवाऱ्यांसाठी पिवळं कार्ड आणि अश्लील किंवा अपमानास्पद हातवाऱ्यांसाठी लाल कार्ड, हे खेळाच्या बाराव्या नियमात लिहिलेलं आहे. पण वीस हजार लोकांसमोर, बाहेर पडायला सुरक्षित वाट नसलेल्या पंचाने ते कार्ड काढायचं कसं? तो दुर्लक्ष करतो. गॅलरी मात्र दुर्लक्ष करत नाही.

शेवटची शिट्टी होते. दोन्ही गॅलऱ्या एकाच वेळी सुटतात, एकाच रस्त्यावर येतात. दोन्हीकडच्या दुचाक्या एकमेकींत मिसळून लावलेल्या असतात, त्यामुळे जिंकलेल्याला आपली गाडी काढायला हरलेल्यांच्या घोळक्यातूनच जावं लागतं. रस्त्याच्या कामाची खडी, सुटलेले पेव्हर ब्लॉक, अर्धी भरलेली पाण्याची बाटली, झेंड्याचा बांबू, सगळं हाताशी असतं. पहिला दगड कोणी मारला ते पाच जणांना दिसतं. दहाव्या दगडानंतर ते कुणालाच सांगता येत नाही.

इथे पोलीस लाठीमार करतात. बाहेर आलेला माणूस मागे वळतो आणि आतून येणाऱ्यावर आदळतो. ही वेळ सर्वांत धोक्याची आहे आणि तिचा हिशोब आजवरच्या कुठल्याही बैठकीनंतर लोकांसमोर आलेला नाही. म्हणून इथे मांडतो. मैदानांच्या सुरक्षेसाठी इंग्लंडमध्ये जे मोजमाप वापरतात, त्यानुसार सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं बाहेर पडू शकतात, जिन्यावरून ६६. सगळं मैदान आठ मिनिटांत रिकामं होईल एवढेच प्रेक्षक आत घ्यायचे, हा तिथला दंडक. समजा, तीन मीटरचे चार दरवाजे आहेत. म्हणजे एकूण बारा मीटर, मिनिटाला ९८४ माणसं, आठ मिनिटांत ७,८७२. वीस हजार लोक आत असतील तर वीस मिनिटं लागतात. एक दरवाजा कुलूपबंद असेल तर सत्तावीस. आमच्या स्टेडियमच्या दरवाजांची खरी रुंदी किती, जिने किती, सामना संपताना कुठली कुलपं उघडी असतात आणि किल्ली कुणाच्या खिशात असते, हे कागदावर लिहून मुख्य दरवाजावर लावा. एवढा एक कागद मागतोय आम्ही.

ही भीती कल्पनेतली नाही. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात मैदानावरची धुसफूस गॅलरीत पोहोचली, चेंगराचेंगरी झाली आणि सोळा प्रेक्षक घरी परतले नाहीत. बंगालमध्ये तो दिवस आजही फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळतात. १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियात कांजुरुहान स्टेडियममध्ये १३५ माणसं गेली. तिथे तर पाहुण्या संघाच्या समर्थकांना आधीच बंदी होती. म्हणजे दोन गट समोरासमोर नव्हतेच! पोलिसांनी गॅलरीत अश्रुधूर सोडला, लोक दरवाजांकडे पळाले, दरवाजे अरुंद होते, काही बंद होते. स्टेडियममध्ये असा वायू वापरायला जागतिक फुटबॉल महासंघाच्या (फिफा) सुरक्षा नियमावलीत मनाई आहे. आमच्या बंदोबस्तावरच्या प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याला ही ओळ माहीत आहे का, याचं उत्तर गृहखात्याकडून घेऊन आम्हाला द्या. आणि ४ जून २०२५ चं बेंगळुरू तर अजून ताजं आहे. चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर अकरा जण गेले, तेही आपल्या क्रिकेट संघाच्या विजयाच्या आनंदात.

उपाय महाग नाहीत. हरलेल्या बाजूची गॅलरी आधी सोडा आणि जिंकलेल्यांना वीस मिनिटं आत थांबवा. त्यांना थांबायला कारण असतंच, बक्षीस समारंभ त्याच वेळेत उरका आणि त्यात पाहुण्यांची भाषणं ठेवू नका. दोन बाजूंचं पार्किंग दोन वेगळ्या रस्त्यांवर. झेंड्याला बांबूऐवजी पोकळ प्लॅस्टिकची नळी. पाणी ग्लासमधून, बंद बाटली आत नाही. सामन्याच्या सकाळी महापालिकेने स्टेडियमभोवतीची खडी आणि सुटे ब्लॉक उचलायचे आणि तसं लेखी द्यायचं. दर अडीचशे प्रेक्षकांमागे एक प्रशिक्षित स्वयंसेवक, तोही त्याच पेठेतला, कारण पोराला नावाने हाक मारणारा माणूस लाठीपेक्षा लवकर थांबवतो.

आता त्या 'अज्ञात'कडे येतो. बेकायदा जमाव आणि दंगलीची कलमं लावून अनोळखी दीडशे जणांवर गुन्हा नोंदवला की पोलिसांचं काम कागदावर संपतं. पुढे काय होतं ते आमच्या घरांतून विचारा. कुठल्यातरी व्हिडिओत मागे उभा दिसला म्हणून एकोणीस वर्षांचा पोरगा उचलला जातो. ज्याने दगड मारला त्याने तोंडाला रुमाल बांधलेला असतो. पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत 'आपल्यावर गुन्हा दाखल आहे का' हा रकाना असतो. खरं लिहिलं तर फाईल अडते, लपवलं तर लागलेली नोकरी जाऊ शकते. इथल्या किती घरांचं सगळं गणित पोलीस आणि सैन्य भरतीवर उभं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. आई-बाप जामिनासाठी दागिने गहाण ठेवतात, वर्षानुवर्षं तारखांना हेलपाटे घालतात, आणि तारखेला साक्षीदार म्हणून कुणी उभं राहत नाही. बायका-मुलींनी सामन्याला येणं सोडलं तर त्यात नवल काय? शिट्टी वाजण्याआधीच आजूबाजूचे दुकानदार शटर ओढतात. हे सगळं आम्ही सोसायचं आणि दगड मारणारा पुढच्या सामन्याला त्याच पायरीवर बसणार.

कॅमेरे आहेत, असं सांगितलं जातं. छपराखाली उंच लावलेल्या कॅमेऱ्यात डोकी दिसतात, चेहरे दिसत नाहीत. चेहरा हवा असेल तर कॅमेरा दरवाजात, माणसाच्या उंचीच्या थोडा वर आणि येणाऱ्याच्या समोर हवा. रेकॉर्डिंगची जागा भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, म्हणून सामन्याच्या रात्रीच त्याची प्रत काढून मोहोरबंद करायला हवी. त्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडायला हवं. ते नसेल तर न्यायालयात त्या चित्रणाला पुरावा म्हणून किंमत राहत नाही. तिकिटावर नाव, मोबाईल क्रमांक आणि गॅलरी लिहा. एवढं झालं की दीडशे अज्ञातांच्या जागी सात-आठ नावं उरतात. त्या सात-आठ जणांकडून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली वर्षभराचं शांततेचं बंधपत्र घेता येतं. इंग्लंडमध्ये १९८९ च्या कायद्याने न्यायालय एकेका माणसावर किमान तीन वर्षांची मैदानबंदी घालतं. असा कायदा करण्याचा विचार तरी विधिमंडळात मांडा.

आपण करतो ते बरोबर उलटं. सामना बंद, स्पर्धा रद्द, संघावर बंदी. डिसेंबर २०१२ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये गॅलरीतला दगड मोहन बागानच्या खेळाडूला लागला, संघ उत्तरार्धात उतरला नाही. क्लबवर बंदी आली, मग ती उठली आणि दोन कोटींचा दंड झाला. सगळा हिशोब क्लबशी झाला. पेठेत असं घडलं की त्याचा अर्थ पोरं एकच काढतात : एकाने मारला, सगळ्यांनी भोगलं, आता सगळे मिळून पुढच्या वेळी बघू. सामूहिक शिक्षेने जमाव आणखी घट्ट होतो.

खेळाडूंबद्दलही तेच, ज्याने केलं त्याला कुणी विचारत नाही. खेळणाऱ्यांत कॉलेजच्या पोरांचा वाटा मोठा आहे. पंचाचा अधिकार तो मैदानात पाऊल टाकतो तिथून मैदान सोडेपर्यंत, असं पाचवा नियम सांगतो. रात्री चौकात गाडी आडवी लावून मारामारी केली, वसतिगृहात ज्युनिअरला त्रास दिला, एखाद्या मुलीला मेसेज करून छळलं, तर आयोजक संघटना म्हणते कॉलेजचं बघा, कॉलेज म्हणतं क्लबचं बघा, आणि दोघेही म्हणतात फायनल होऊ दे. फायनल होते, हार पडतात, तक्रार करणारी मुलगी कॉलेज सोडते. यासाठी कायदे कमी नाहीत. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्राने १९९९ मध्येच केला. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे जायला हवी आणि चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी. त्यात क्रीडा विभागाचा काही संबंध नाही, प्रशिक्षकाने 'मिटवून' घेण्याचा तर मुळीच नाही.

बाकीच्या गैरवर्तनासाठी कॉलेज, विद्यापीठ आणि आयोजक संघटना यांनी एकच नोंदवही ठेवावी. नोंदणी अर्जावर खेळाडूची सही हवी की मैदानाबाहेरचं वर्तनही नियमात येतं. आरोप लेखी, उत्तराला सात दिवस, तीन जणांची समिती ज्यात कुठल्याही संघाचा पदाधिकारी नाही, पंधरा दिवसांत लेखी निर्णय, वर अपील. नुसता गुन्हा दाखल झाला म्हणून पोराला बाद करू नका. पण दोष ठरला तर तो तालमीच्या संघातून जितके सामने बाहेर, तितकाच काळ विद्यापीठाच्या संघातूनही बाहेर हवा. आज एका दारातून काढलेला पोरगा दुसऱ्या दारातून आत येतो. राज्य सरकार खेळाडूंना नोकरीत पाच टक्के आरक्षण देतं. जे सरकार एवढं देतं, त्याला खेळाडूचं वर्तन विचारायचा हक्क आहे, आणि ते न विचारणं ही सरकारची चूक आहे.

हे का होत नाही, तेही लिहितो. ज्या पोरांची नावं गुन्ह्यात असायला हवीत, त्यांचे फोटो नेत्यांच्या वाढदिवसाच्या फलकावर असतात. निवडणुकीच्या रॅलीत सायलेन्सर काढलेल्या दुचाक्या लागतात, त्या हीच पोरं आणतात. सर्वपक्षीय आहे हे, कुणा एकाचं नाव घ्यायची गरज नाही. ठाण्यात फोन जातो, 'आपला पोरगा आहे' म्हणून नाव गळतं आणि ज्याला कुणाचा फोन नाही तो आत राहतो. तुमच्या खात्यात खेळाडू म्हणजे पदक, गृहखात्यात खेळाडू म्हणजे बंदोबस्त, शिक्षणखात्यात खेळाडू म्हणजे हजेरीचा प्रश्न. पोरगा एकच आहे, साहेब, आणि तिन्ही खात्यांपैकी एकालाही त्याचं नाव माहीत नाही.

हंगामाचा पहिला सामना होण्याआधी चार कागद जाहीर करा. स्टेडियमची दरवाजांसह मोजून ठरवलेली प्रेक्षकक्षमता. गॅलरी सोडण्याचा क्रम आणि त्याला जबाबदार अधिकाऱ्याचं नाव. चित्रण जपण्याची जबाबदारी कुणाची, त्याचं नाव. खेळाडूंच्या शिस्त समितीतली तीन नावं. बैठकीचा फोटो पाठवू नका.

आपले,
शाहू स्टेडियमच्या दोन्ही गॅलऱ्यांतले प्रेक्षक
कोल्हापूर

प्रत : मा. जिल्हाधिकारी, मा. पोलीस अधीक्षक, मा. कुलगुरू