कॅरॅव्हॅन ठेवावी ती कांद्यासारखी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घरातून होणाऱ्या पर्यटनाविषयीचा लेख वाचला. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून या विषयावर बरेच लिहिले जाते, आणि त्यात कुठे जावे, कुठे मुक्काम करावा, गाडीत काय काय सोयी असाव्यात याची चर्चा हौसेने होते. मात्र ज्यांच्याकडे मोटारीमागे जोडून ओढत न्यायचा ट्रेलर आहे, त्यांना पडणारा सर्वांत अवघड प्रश्न या लेखांत कधी येत नाही. मी आणि माझी पत्नी वर्षाकाठी फार तर चाळीस दिवस ट्रेलर घेऊन बाहेर पडतो. उरलेले सव्वातीनशे दिवस तो उभाच असतो. तो कुठे उभा करायचा, बंद गोदामात की उघड्या मैदानावर, हा निर्णय मी गेल्या पाच वर्षांत दोनदा चुकवला आणि दोन्ही वेळा त्याची किंमत मोजली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

घराजवळ ट्रेलर ठेवण्याची सोय आमच्याकडे नाही, आणि कोथरूडमध्ये ती फारच थोड्यांकडे असेल. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधील तुळई जमिनीपासून आठ फुटांवर आहे आणि छतावरच्या झरोक्यासह ट्रेलरची उंची पावणेनऊ फूट भरते. लांबी हिचच्या, म्हणजे मोटारीला जोडायच्या, दांड्यासह साडेसतरा फूट असल्यामुळे तो मोटारीच्या एका जागेत मावत नाही, आणि दोन जागा मागण्याचे धाडस वार्षिक सर्वसाधारण सभेत करणारा सभासद अजून जन्माला यायचा आहे. रस्त्याकडेला महिनोन्महिने उभे असलेले वाहन महापालिका बेवारस समजून उचलून नेऊ शकते, आणि तिने तसे करणे मला गैर वाटत नाही. तेव्हा शहराबाहेर भाड्याची जागा घेणे एवढाच मार्ग राहतो.

जागा शोधण्यापूर्वी मी परदेशी माहितीपत्रके आणि चित्रफिती भरपूर पाहिल्या. त्यांतील बहुतेक सल्ला बर्फाच्या धास्तीने दिलेला असतो. नळांतील पाणी गोठून नळ्या फुटू नयेत म्हणून त्यांत गोठणरोधक द्रव भरा, छतावर साचलेल्या बर्फाचे वजन उतरवा, असे ते सांगतात. पुण्याच्या थंडीत नळातले पाणी गोठत नाही. आपल्याकडे ट्रेलरचे नुकसान करतात ते मार्च ते मे महिन्यांतील ऊन आणि त्यापाठोपाठ येणारा चार महिन्यांचा पाऊस. हे दोघे एकामागून एक येतात यातच खरी मेख आहे, कारण उन्हाने जे तडकवून ठेवलेले असते त्यातूनच पावसाचे पाणी आत शिरते.

पहिल्या वर्षी मी वाघोलीच्या पुढे एका मोकळ्या प्लॉटवर जागा घेतली. भाडे दरमहा दीड हजार, भोवती तारेचे कुंपण, रात्री राखणदार आणि केव्हाही गाडी काढण्याची मुभा, त्यामुळे मी खुशीत होतो. ट्रेलरच्या छतावर सौर पॅनल असल्याने बॅटरी आपोआप चार्ज राहत असे, हा उघड्यावर ठेवण्याचा मोठा फायदा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण मे महिना सरेपर्यंत छतावरच्या झरोक्याभोवतीचे फट बुजवणारे सीलंट कडक होऊन त्याला केसाएवढ्या भेगा पडल्या होत्या. खाली उभे राहून त्या दिसत नाहीत. जुलैमध्ये आम्ही दार उघडले तेव्हा कुबट वासाने स्वागत केले. झरोक्याच्या कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी झिरपून फायबरच्या बाह्य आवरणामागचे प्लायवूड दोन हात लांबीपर्यंत भिजले होते, आणि बोट दाबले तर भिजलेल्या पावासारखे आत जात होते. गळती दिसते तिथून ती क्वचितच सुरू झालेली असते, हे कारखान्याच्या देखभाल विभागात आयुष्य घालवलेल्या मला ठाऊक असायला हवे होते. तरी मी तीन आठवडे खिडकीच्या रबरालाच दोष देत बसलो.

दुसरे नुकसान टायरचे. ट्रेलरचे टायर झिजून बाद होण्यापेक्षा उभे राहून बाद होतात. ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे त्यांच्या बाजूच्या रबराला बारीक तडे जातात आणि वर पाहावे तर नक्षी नव्यासारखी असते. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. जुना ट्रेलर घेणाऱ्याने नक्षी पाहण्याआधी हे आकडे वाचावेत. ट्रेलर उघड्यावर ठेवायचाच असेल तर चाकांना झाकणे घालावीत, चाके थेट मातीवर न ठेवता फळ्यांवर चढवावीत आणि दोन महिन्यांतून एकदा तरी ट्रेलर हातभर पुढेमागे करावा. हँडब्रेक ओढून ठेवला तर पावसाळ्यात ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून बसतात, म्हणून तो सोडून द्यावा आणि चाकांच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे लावावेत.

निळी ताडपत्री टाकून दोरीने आवळली की काम झाले, असे बऱ्याच जणांना वाटते. मलाही वाटले होते. वाऱ्याने ती दिवसरात्र फडफडते आणि तिच्या घर्षणाने फायबरवरची चकाकी जाऊन पृष्ठभाग पिठूळ होतो. शिवाय खालची ओल तिला बाहेर सोडता येत नाही आणि वर पडलेल्या वळ्यांमध्ये पाणी साचते. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात, आणि पावसाळ्यात अशा जागांबद्दल महापालिकेच्या नोटिसा निघतात हे पुणेकरांना सांगायला नको. आच्छादन घ्यायचेच तर हवा खेळू देणाऱ्या कापडाचे आणि ट्रेलरच्या मापाने शिवलेले घ्यावे.

मोकळी जागा घेताना भाड्यापेक्षा आधी तिची पातळी विचारावी. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की मुठेकाठी काय होते हे 25 जुलै 2024 रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीने पाहिले, आणि नदीपासून दूर असल्याच्या समजुतीत राहिलेल्या वस्त्यांचे आंबिल ओढ्याने काय केले ते सप्टेंबर 2019 मध्ये दिसले. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. स्वस्त आणि प्रशस्त मोकळी जागा पुष्कळदा या रेषांच्या आतच असते, कारण तिथे बांधकामावर निर्बंध असतात. जागेत मोठे झाड असेल तर त्याच्या सावलीचाही मोह धरू नये. वळवाच्या पावसात फांद्या कोसळतात, आणि वडा-उंबराखाली पक्षी व वटवाघळे छताची जी अवस्था करतात ती धुऊनही पूर्ण जात नाही.

या अनुभवाने पोळल्यावर मी दुसऱ्या वर्षी दुसरे टोक गाठले आणि फुरसुंगीकडच्या एका बंद गोदामात तिप्पट भाड्याने जागा घेतली. ऊन नाही, पाऊस नाही, कुलूप भक्कम, त्यामुळे मी चार महिने तिकडे फिरकलोच नाही, आणि गोदामात ठेवणाऱ्याची पहिली चूक हीच असते. आपल्याकडचे गोदाम म्हणजे चहूबाजूंनी पत्रा ठोकलेली शेड. एप्रिल-मेमध्ये तिथली दुपार बाहेरच्या दुपारपेक्षा जास्त तापते, कारण तापलेल्या पत्र्याखालची हवा बाहेर जायला वाट नसते. पावसाळ्यात तीच हवा दमट होऊन बसते. बाहेरून पाण्याचा एक थेंबही न शिरता माझ्या ट्रेलरमधील गाद्यांना आणि कपाटांच्या आतल्या बाजूला हिरवट बुरशी चढली होती. फ्रिजचे दार मी बंद ठेवले होते, त्याविषयी अधिक लिहीत नाही.

सौर पॅनलला अंधारात काहीच काम नसल्याने बॅटरीची वाट लागली. बारा व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण चार्ज असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. ती नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरते आणि उष्णतेत हा वेग वाढतो. त्यातच गॅसगळतीची सूचना देणारे छोटे यंत्र चोवीस तास थोडी थोडी वीज खात राहते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. उतरलेल्या अवस्थेत राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग ती पुन्हा नीट चार्ज होत नाही. बंद जागेत ठेवणाऱ्याने बॅटरी काढून घरी आणावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी, हे उत्तम. उंदरांनी मागच्या दिव्यांच्या वायरी कुरतडल्या होत्या. शेजारच्या गाळ्यात धान्याची पोती असल्यावर त्यांनी दुसरे काय करावे? गॅसचा सिलिंडर मात्र मी सुदैवाने आधीच काढून ठेवला होता. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचून राहतो आणि बंद शेडमध्ये तो कुणाच्या लक्षात येण्याआधी एखादी ठिणगी पुरेशी ठरते. सिलिंडरसह ट्रेलर आत घेणाऱ्या गोदामात आपला ट्रेलर मुळीच ठेवू नये, कारण तिथे इतरांचेही सिलिंडर असतील.

गोदामाच्या पावतीवर ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असा शिक्का होता. नुकसानभरपाई मागितली तेव्हा गोदामाच्या मालकांनी तो दाखवला. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 151 नुसार दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याने, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यायला हवी. परंतु आपण वस्तू त्याच्या ताब्यात दिली होती की नुसती जागा भाड्याने घेतली होती, यावर सगळे अवलंबून असते आणि पावतीत ते मुद्दाम संदिग्ध ठेवलेले असते. मी वाद वाढवला नाही. किल्ली कोणाकडे राहील, आग व चोरीची जबाबदारी कोणाची आणि ट्रेलर काढण्यासाठी किती दिवस आधी कळवायचे, एवढे तरी लेखी घ्यावे. आपल्या विमा पॉलिसीत ओढणाऱ्या मोटारीखेरीज ट्रेलरचा स्वतंत्र उल्लेख आहे का, तेही पाहून ठेवावे.

तिसऱ्या वर्षीचा मार्ग मला ज्यांनी दाखवला त्या सासवडजवळच्या शेतकऱ्याने आयुष्यात कॅरॅव्हॅन पाहिली नव्हती. आम्ही त्यांच्या शेतात मुक्कामाला थांबलो होतो. माझी कर्मकथा ऐकून ते म्हणाले, “अहो, कांदा उन्हात ठेवला तर जातो आणि खोलीत कोंडला तरी जातो. त्याला डोक्यावर छप्पर लागतं, अन् बगलेतनं वारा.” कांदा चाळीची सगळी रचना या दोन वाक्यांत आहे. वर पत्रा, दोन्ही कडांना पाऊस आत येऊ नये इतपत बाहेर काढलेली वळचण, बाजूंना फटी असलेल्या पट्ट्या आणि तळ जमिनीपासून उचललेला. उन्हाळी कांदा ऐन पावसाळ्यात महिनोन्महिने टिकतो तो याच बेताने. त्यांच्या ट्रॅक्टरच्या उंच, बाजूंनी मोकळ्या शेडमध्ये गेली तीन वर्षे आमचा ट्रेलर उभा आहे. दोन चाके फळ्यांवर, हिचकडची बाजू जॅकने किंचित वर उचललेली, म्हणजे छतावर काही ओघळलेच तर ते मागे उतरून जाईल. झरोका बोटभर उघडा असतो, त्यावर जाळी असते आणि आतून हवा खेळते. दरवर्षी होळीनंतर मी शिडी लावून छतावरचे सीलंट स्वतः तपासतो. तिथल्या मांजरीने उंदरांचाही प्रश्न सोडवला आहे.

सासवडचा पाऊस कमी, ही गोष्ट मी लपवत नाही. पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पूर्वेला पुरंदर-बारामतीच्या पर्जन्यछायेत त्याहून कमी आणि पश्चिमेला ताम्हिणीच्या बाजूला काही हजार मिलिमीटर. मुळशीत तलावाकाठी स्वस्त जागा मिळते म्हणून ट्रेलर ठेवणाऱ्याला बाजूंनी मोकळी शेड पुरणार नाही, कारण तिथला पाऊस आडवा येतो. त्याने पावसाळ्यापुरते बंद गोदाम घ्यावे आणि दर पंधरवड्याला जाऊन दारे-खिडक्या उघडाव्यात, अथवा ट्रेलर पूर्वेकडच्या कमी पावसाच्या भागात आणावा. दर महिन्याला बाहेर पडणाऱ्यांना उघडी जागाही चालते, कारण त्यांचे टायर फिरत राहतात आणि गळती पहिल्याच आठवड्यात नजरेस पडते. ज्यांच्या ट्रेलरच्या सांगाड्यात लाकूड वा प्लायवूड आहे, त्यांनी मात्र एक पावसाळाही छपराविना काढू नये.

पर्यटन विभागाला माझी एवढीच विनंती आहे, की कॅरॅव्हॅन पार्कना उत्तेजन देताना त्यांच्या आवारात बाजूंनी मोकळ्या, किमान बारा फूट उंचीच्या छपराच्या काही जागा भाड्याने ठेवण्याची सोय असावी. पर्यटक नसतात त्या पावसाळ्यात पार्कचालकालाही त्यातून चार पैसे मिळतील. गोदाममालकांपैकी कोणी हे पत्र वाचत असतील, तर त्यांनी समोरासमोरच्या दोन भिंतींचे वरचे चार-चार फूट पत्रे काढून तिथे जाळी बसवावी आणि छपराची कड दोन फूट बाहेर काढावी. असे गोदाम पुण्याच्या पूर्वेकडे निघाले, तर मी तिथे पहिला भाडेकरू व्हायला तयार आहे, कारण आमच्या सासवडच्या यजमानांनी नवा ट्रॅक्टर बुक केला आहे आणि दिवाळीपर्यंत मला जागा रिकामी करायची आहे.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ वाचक
कोथरूड, पुणे