सुईच्या मागे धावू नकोस

प्रिय मनू,

काल फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच कळलं की अप्रोच, म्हणजे उतरण्यासाठी रनवेकडे येणं, बिघडलाय. बाहेरचं दिसू नये म्हणून हूड लावून आयएलएस, म्हणजे रनवेकडून येणाऱ्या रेडिओ सिग्नलवर उतरणं, केलास, लोकलायझरची, म्हणजे रनवेच्या लाइनपासून डावी-उजवी दाखवणारी, सुई डावीकडे गेली म्हणून वीस डिग्री डावीकडे वळलीस, मग ती सरकन उजवीकडे, मग तू उजवीकडे, असं करत करत शेवटी इन्स्ट्रक्टरने कंट्रोल घेतले. मनाला लावून घेऊ नकोस, पण हे नक्की का होतं ते नीट समजून घे.

मी पीथमपूरला इतकी वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली, आमच्याकडे याला हंटिंग म्हणतात. नवीन ऑपरेटर प्रेशर पडलं की व्हॉल्व जास्त उघडतो, काटा यायला वेळ लागतो तोवर अजून उघडतो, मग वर गेलं की बंद करत सुटतो, आणि काटा वर-खाली नाचत बसतो. तुझंही तेच होतंय गं. आणि तुझ्याकडे एक गोष्ट जास्तीची अवघड आहे, लोकलायझर जवळ जाताना अरुंद होत जातो. रनवेपासून दहा नॉटिकल मैलांवर सुई टोकाला असेल तर तू लाइनपासून साधारण आठशे मीटर बाजूला असतेस, आणि रनवेच्या तोंडाशी तीच सुई टोकाला म्हणजे फक्त शंभरेक मीटर. मग लांब असताना दहा डिग्री वळणं ठीक आहे, पण शेवटच्या दोन-तीन मैलांत दोन डिग्रीच्या वर वळायचंच कशाला?

सुई बघून वळू नकोस, हेडिंग, म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा, बघून वळ. ज्या हेडिंगवर सुई स्थिर राहते ते शोध, वारा डावीकडून असेल तर ते रनवेच्या हेडिंगपेक्षा चार-पाच डिग्री डावीकडेच येणार, ते धर आणि त्याच्याच आजूबाजूला थोडं थोडं कर. ग्लाइडस्लोपचंही, म्हणजे उतरत्या वाटेच्या वर-खाली दाखवणाऱ्या सुईचंही, तसंच, ग्राउंडस्पीडला, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वेगाला, पाचाने गुण की मिनिटाला किती फूट उतरायचं ते येतं, नव्वद नॉट असेल तर मिनिटाला साडेचारशे फूट, समोरून दहाचा वारा असेल तर चारशे. हा आकडा आधीच ठरवून ठेव म्हणजे त्या सुईच्या मागेही धावावं लागणार नाही.

आणि हूडखाली विमान कलल्यासारखं वाटलं तर कानावर अजिबात विश्वास ठेवू नकोस. वळण लांबलं की कानातलं पाणी स्थिर होतं आणि वळतोय हेच कळत नाही, सरळ झालीस की उलट्या बाजूला वळतोय असं वाटतं, अनुभवी पायलटनाही वाटतं. अमेरिकन पायलट डूलिटलने 1929 मध्ये कॉकपिट झाकून टेकऑफपासून लँडिंगपर्यंत फक्त डायल बघून विमान नेलं ना, म्हणजे डायलवर विमान उतरवता येतं हे तेव्हाच सिद्ध झालंय.

दोनशे फुटांचं मिनिमम, म्हणजे रनवे दिसल्याशिवाय ज्याच्या खाली जायचं नाही ती जमिनीपासूनची उंची, कुठल्या आकड्यावर येतं तेही अप्रोच सुरू करायच्या आधी स्वतःशी मोठ्याने म्हण. आपलं इंदूरच समुद्रसपाटीपासून साडेअठराशे फुटांच्या आसपास आहे, त्यामुळे इथे समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा अल्टीमीटर दोन हजार पन्नासच्या आसपास दाखवेल तेव्हा तू मिनिममवर असशील. तिथे रनवे दिसला नाही तर लगेच पॉवर दे, नाक उचल आणि वर जा, ‘अजून एक सेकंद बघते’ हे मला नकोय.

आईने शेव आणि चिवडा पाठवलाय, हॉस्टेलच्या पत्त्यावर येईल. पुढच्या सॉर्टीत, म्हणजे उड्डाणात, कुठल्या हेडिंगवर सुई थांबली आणि वारा किती होता ते लिहून ठेव, रविवारी फोन करशील तेव्हा मी पहिलं तेच विचारणार आहे.

तुझा,
बाबा