अहिराणीचा आवाज खुला राहावा

महोदय,
२०११च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे १८ लाखांहून अधिक आहेत; अहिराणी त्यातच येते. तरी शेतकऱ्याने मोबाइलला अहिराणीत बोंडअळीबद्दल विचारले, तर एआयला अनेकदा ते धड कळत नाही. त्याने प्रमाण मराठीत का बोलावे? मोझिला या संस्थेच्या ‘कॉमन व्हॉइस’ उपक्रमात संगणकाला बोललेली भाषा शिकवण्यासाठी लोक वाक्ये वाचून आवाज देतात, इतर लोक ते तपासतात आणि तो साठा कोणालाही मोफत वापरता येतो. मराठी तिथे आहेच. अहिराणीसाठी असे काम जळगावच्या बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने हाती घ्यावे, ही कळकळीची विनंती. साठा खुलाच हवा, म्हणजे शिरपूर-साक्रीतली पोरेही त्यावर ॲप बनवू शकतील. विद्यार्थ्यांनी गावोगावच्या आजी-आजोबांचे बोलणे नोंदवावे, पण त्यांची संमती घेऊनच. सुरुवात शेतीच्या शब्दांपासून व्हावी.

– एक वाचक, अमळनेर