वाचकाकडे माणूस असल्याचा पुरावा का मागावा?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मराठी दैनिकांच्या डिजिटल आवृत्त्यांत बातमीखाली प्रतिक्रिया लिहिण्याची जी सोय असते, ती एक तर बंद होत चालली आहे किंवा इतकी किचकट होत चालली आहे की सामान्य वाचकाने तिच्या वाटेला जाऊ नये. याचे कारण म्हणून स्पॅमकडे, म्हणजे यंत्राने धाडलेल्या जाहिरातींच्या लोंढ्याकडे, बोट दाखवले जाते. कारण खरे आहे. पण त्यावर योजलेला उपाय भलत्याच माणसाला त्रास देतो, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील मराठी वाचकाला तो त्रास अधिक होतो, असे माझे स्पष्ट मत असल्याने हे पत्र लिहीत आहे.

आमच्या गावच्या वाचनालयाच्या संकेतस्थळाचे काम मी पाहतो, त्यामुळे हा कचरा रोज डोळ्यांखालून जातो. त्यात परदेशी औषधांच्या आणि जुगाराच्या लिंक असतात, शिवाय आपल्याकडचा खास मजकूरही असतो: तारणाशिवाय कर्ज, घरबसल्या कमाई, सट्ट्याचे आकडे, वशीकरण, आणि प्रत्येकाच्या शेवटी दहा आकडी मोबाइल नंबर. जास्तीत जास्त पानांवर आपली लिंक डकवली की सर्च इंजिनमध्ये आपले स्थान वर सरकेल, या हिशेबाने एखादा प्रोग्राम हजारो संकेतस्थळांवरचे फॉर्म भरत सुटतो. जानेवारी २००५ मध्ये गुगल, याहू आणि एमएसएन यांनी ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली. ही खूण लावलेल्या लिंकचा सर्च इंजिनमधील क्रमवारीसाठी उपयोग होऊ नये, असा तिचा हेतू होता. ती प्रत्येक प्रतिक्रियेतील लिंकला आपोआप लागलीच पाहिजे. मात्र तेवढ्याने लोंढा थांबला नाही, कारण आणखी एक फॉर्म भरायला यंत्राला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

यावर सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे कॅप्चा, म्हणजे समोर माणूस आहे की यंत्र हे ओळखण्यासाठी घेतलेली छोटी परीक्षा. कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुई फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली, त्या काळी वेडीवाकडी अक्षरे माणसाला वाचता येत आणि यंत्राला येत नसत. आता ती स्थिती राहिलेली नाही. अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की प्रचलित कॅप्चा सोडवण्यात यंत्रे माणसांपेक्षा वेगवान आहेत आणि अचूकही आहेत. ज्याला अडवायचे तो सहज आत येतो आणि ज्याच्यासाठी सोय केली तो बाहेर ताटकळतो, हे यावरून उघड आहे.

त्याचा प्रत्यय आमच्या वाचनालयातच आला. एका ज्येष्ठ सभासदांना शहापूर-वडगाव भागातील हातमागांवरील एका लेखावर लिहायचे होते. त्यांच्या घरी माग होता, शहापुरी साडीचे काठ कसे विणले जात हे त्यांनी लहानपणी पाहिलेले होते, आणि लेखात एका गल्लीचा उल्लेख चुकला होता. त्यांनी एका बोटाने, सावकाश, सगळे मराठीत टाइप केले. ‘पाठवा’ म्हणताच नऊ चौकटींची चित्रे समोर आली आणि फायर हायड्रंट असलेल्या चौकटी निवडा अशी इंग्रजी सूचना आली. अमेरिकेच्या फुटपाथवर असतो तो लाल, बुटका नळ खडेबाजारात किंवा खानापूरच्या स्टँडवर कोणी पाहिला आहे? चित्रे बदलत राहिली, शेवटी पान पुन्हा लोड झाले आणि लिहिलेले सगळे पुसले गेले. ते काही न बोलता उठून गेले. ज्या माहितीसाठी संपादकाने त्यांच्या घरी जाऊन बसावे, ती माहिती त्यांनी आपण होऊन द्यायला घेतली होती. दृष्टिहीन वाचकांची अडचण तर याहून मोठी आहे आणि तिच्याकडे वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००५ पासून लक्ष वेधलेले आहे.

दुसरा अडसर नोंदणीचा. ईमेल द्या, पासवर्ड ठरवा, मोबाइलवर आलेला ओटीपी टाका. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात रेंजसाठी लोकांना घराबाहेर येऊन उभे राहावे लागते. ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. बरे, एका बातमीवर चार ओळी लिहिण्यासाठी मोबाइल नंबर द्यावाच का? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचेही तत्त्व हेच आहे की ज्या कामासाठी संमती घेतली, त्या कामाला लागते तेवढीच माहिती घ्यावी. नाव आणि गाव एवढे पुरे आहे. छापील अंकातल्या पत्राखाली आपण वर्षानुवर्षे तेवढेच छापत आलो आहोत.

स्पॅम अडवण्याचे काम वाचकाच्या नजरेआड करता येते, आणि ते अवघड नाही. फॉर्ममध्ये एक जादा रकाना ठेवायचा आणि तो पानावर दिसणार नाही अशी व्यवस्था करायची. वाचकाला तो दिसतच नाही, म्हणून रिकामा राहतो. यंत्र मात्र पानाचा कोड वाचून दिसेल तो रकाना भरत जाते आणि तिथेच सापडते. जाणकार याला हनीपॉट म्हणतात. हा रकाना दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरपासूनही लपवावा लागतो, आणि ब्राउझरने तो आपोआप भरू नये याची काळजी घ्यावी लागते, नाहीतर निरपराध माणूस त्यात अडकेल. जोडीला वेळ पाहावी: पान उघडल्यापासून दोन-तीन सेकंदांत लांबलचक मजकूर आला तर तो माणसाने लिहिलेला असणे कठीण. बेळगावच्या कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातील होतकरू विद्यार्थी एवढे काम एका दुपारी करून देईल.

यातूनही जे सुटेल त्यासाठी चाळणी हवी, पण तिने थेट काढून न टाकता राखून ठेवावे. संकेतस्थळे चालवण्याच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये मुळातच अशी सोय आहे की दोन किंवा अधिक लिंक असलेली प्रतिक्रिया मंजुरीसाठी थांबते, आणि ज्याची प्रतिक्रिया आधी एकदा मंजूर झालेली आहे त्याची पुढची लगेच प्रसिद्ध होते. मला ही दुसरी पद्धत सर्वांत न्याय्य वाटते, कारण तिच्यात नवख्या वाचकाला फक्त एकदाच थांबावे लागते. आपल्याकडे त्यात दहा आकडी नंबर असलेल्या मजकुराची भर घालावी, आणि तो नंबर देवनागरी अंकांत लिहिला असला तरी ओळखला जाईल असे पाहावे. तरीही तो मजकूर माणसाने वाचल्याशिवाय टाकू नये. रक्ताची तातडीची गरज असलेला माणूसही नंबर देतोच. प्रतिक्रिया थांबवली असेल तर ‘आपली प्रतिक्रिया मिळाली, वाचून प्रसिद्ध करू’ असे मराठीत तिथल्या तिथे कळवावे. नाहीतर वाचक तीच प्रतिक्रिया पुन्हा पुन्हा पाठवतो आणि यंत्र त्यालाच स्पॅम समजते.

आणखी एक गोष्ट या भागापुरती महत्त्वाची आहे. मराठी संकेतस्थळावर देवनागरी अक्षर नसलेली प्रतिक्रिया आपोआप टाकून द्यावी, असा सल्ला काही जाणकार देतात. पुण्या-मुंबईला तो कदाचित चालेल, बेळगावला चालणार नाही. कन्नड माध्यमात शिकलेल्या मराठी घरांतल्या मुलांना रोमन अक्षरांत मराठी लिहिणे सोपे जाते, आणि आपली बातमी वाचणाऱ्या कन्नड शेजाऱ्याला कन्नडमध्येच उत्तर द्यावेसे वाटते. त्यांचे म्हणणे यंत्राने परस्पर केरात टाकावे हे मला मान्य नाही. म्हणून मंजुरीच्या टेबलावर दोन्ही भाषा जाणणारा माणूस बसवावा. सीमाप्रश्नावरील एखादी प्रतिक्रिया कडवट असेल, ती छापायची की नाही हा संपादकीय निर्णय आहे आणि तो माणसानेच घ्यावा. मतभेदाला स्पॅमच्या नावाखाली दडपू नये.

जुन्या लेखांवर कचरा अधिक येतो म्हणून पंधरा दिवसांनी प्रतिक्रिया बंद करण्याची पद्धत पडली आहे. रोजच्या बातमीला ती ठीक आहे. गावचा इतिहास, जुन्या शाळा, कडोली किंवा येळ्ळूरचे साहित्य संमेलन अशा विषयांवर मात्र खरी माहिती देणारा माणूस लेखापर्यंत फार उशिरा पोहोचतो, कधी पुण्यात स्थायिक झालेल्या मुलाने मोबाइलवर पाठवल्यावर. असे लेख कायम खुले असावेत आणि त्यांवरची प्रत्येक प्रतिक्रिया तेवढी वाचून घ्यावी.

आपल्या दैनिकाच्या डिजिटल आवृत्तीत या दृष्टीने बदल करावेत, ही विनंती. ज्यांना टाइप करणे जमत नाही त्यांनी हाताने लिहिलेल्या मजकुराचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा आणि कार्यालयाने तो टाइप करून लेखाखाली लावावा, अशी सोय त्याबरोबरच सुरू झाली तर आमच्या वाचनालयात येणारे कितीतरी ज्येष्ठ लगेच लिहू लागतील. त्यांचे फोटो काढून पाठवण्याची जबाबदारी आम्ही आनंदाने घेऊ.

आपला नम्र,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता,
ता. खानापूर, जि. बेळगाव